हलकी गोळी

“ही माणसांवर झाडायची गोळी आहे, ग्लेन. हरणाची नव्हे,” असं म्हणून मी डबी काउंटरवरून त्याच्याकडे परत सरकवली.

नोव्हेंबरचा शिकारीचा हंगाम तोंडावर आलेला, त्यामुळे ग्लेनच्या बंदुकांच्या दुकानात सकाळीच सहा-सात बाप्ये जमले होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ग्लेननं चष्मा कपाळावर चढवला.

“अर्लीन, तू जन्मात एक तरी हरीण मारलंयस का?”

“नाही. पण तुम्ही सगळ्यांनी मारलेली मी कापते. गोळी आत जाते तेव्हा तुम्ही असता शंभर पावलांवर. ती बोटं घालून बाहेर काढते मी. सांग, कुणाला जास्त कळतं?”

बाप्ये हसले. ग्लेनही हसला, पण डबी काही त्यानं आत ठेवली नाही.

अठ्ठावीस वर्षं झाली मला हे काम करताना. वर्षातले दहा महिने मी शाळेच्या स्वयंपाकघरात असते आणि हंगाम उघडला की आमच्या मागच्या शेडमध्ये. तालुक्यातली निम्मी हरणं माझ्या टेबलावर येतात. कुणाचा नेम कसा आहे, कोण घाबरट, कोण थापाड्या, हे मला त्यांच्या बायकांपेक्षा जास्त ठाऊक. आणि गोळ्यांचं म्हणाल तर ग्लेन जी दाखवत होता ती चव्वेचाळीस कॅलिबरची हलकी गोळी, एकशे ऐंशी ग्रेन वजनाची, नाकाला भोक असलेली. पिस्तुलासाठी केलेली. पिस्तुलाची नळी वीतभर, तेवढ्या वेगाला ती नीट उमलते. पण तेच काडतूस कार्बाईनमध्ये, म्हणजे आखूड रायफलीत, घातलं की नळी हातभर लांब, दारूला रेटायला जास्त वेळ मिळतो, आणि गोळी कारखानदारानं ठरवल्यापेक्षा कितीतरी जोरात सुटते. मग ती आत जायच्या आधीच फुटते. नुसत्या मऊ बरगड्या असल्या तर निभावतं. हाड लागलं की संपलं. असे तुकडे मी किती वेचलेत. वरवर मोठी जखम, आणि खाली छाती धडधाकट.

“जड दे,” मी म्हटलं. “दोनशे चाळीस ग्रेनची, शिशाच्या नाकाची.”

“मला काय, देतो,” ग्लेन म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. “पण तिचा धक्का जास्त आहे गं. मी आपलं याच्या खांद्याचा विचार करून…”

ग्लेननं वाक्य तिथंच सोडलं, कारण ज्याचा खांदा तो माझ्या शेजारीच स्टुलावर बसला होता. माझा नवरा, वेंडल. धान्याच्या कोठारात चौतीस वर्षं पोती आणि पट्टे ओढलेला माणूस, आता जाकीट त्याच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखं दिसत होतं.

“ग्लेन,” वेंडल म्हणाला, “बाईसाहेब काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं, तुला नाही आलं का? जड दे.”

मग त्यानं मांडीवरची लांब पिशवी उघडली आणि आपली बारा बोअरची बंदूक काउंटरवर ठेवली. वडिलांनी त्याला सोळाव्या वर्षी दिलेली. तिचा धक्का आता झेपत नव्हता, म्हणून तिच्या बदल्यात ग्लेननं त्याला चव्वेचाळीसची छोटी कार्बाईन दिली. वेंडलनं बंदुकीच्या दस्त्यावरून एकदा हात फिरवला. औषधांनी त्याच्या बोटांतली जाणीव गेली होती, त्याला लाकूड लागलं तरी होतं की नाही कोण जाणे.

निघताना ग्लेननं हलकीची डबीसुद्धा माझ्या पिशवीत टाकली. “पुठ्ठा फाटलाय, कुणी घेणार नाही. नेम बसवायला होईल.”

तीच डबी पुढं मला नडली.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, शहरातून आलेला. त्यानं फोटो उजेडावर धरून दाखवला. उजव्या खांद्याचं हाड कॅन्सरनं जागोजागी पोखरलेलं. “हे खडूसारखं झालंय,” तो म्हणाला. “जोराचा धक्का बसला तर मोडेल. मोडलं तर जुळायचं नाही. आणि ते दुखणं आमच्या औषधांना दाद देत नाही.”

“मग यांना शिकारीला जायचं नाही असं सांगा ना तुम्ही,” मी म्हटलं.

“मी सांगितलंय.”

“सांगितलंय त्यांनी,” वेंडल म्हणाला. “मी ऐकून घेतलंय.”

घरी येताना गाडीत मी त्याला नाही नाही ते बोलले. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, “म्हातारे, सेहेचाळीस हंगाम झाले. एकही जनावर जखमी करून सोडलं नाही मी. एकदाच जाऊ दे. एकच गोळी. मग मी घरात बसतो.” आता यावर काय बोलायचं? मूलबाळ आम्हाला नाही. त्यानं मागायचं ते माझ्याकडे, आणि मी नाही म्हणायचं ते त्याला, एवढंच आमचं घर.

त्या आठवड्यात तो झोपलेला असताना मी कार्बाईन घेऊन शेडच्या मागं गेले. जन्मात बंदूक झाडली नव्हती. आधी जड काडतूस घातलं, दस्ता खांद्याला लावला आणि झाडलं. अगं आई गं! दात वाजले माझे. पुन्हा दोन झाडली. मग हलकी तीन झाडली. फरक होता. चांगला जाणवण्यासारखा. जडचा धक्का लाथेसारखा, हलकीचा ढकलल्यासारखा. माझा खांदा चांगला धडधाकट, तरी तिसऱ्या दिवसापर्यंत काळानिळा होता. मी लांब बाह्यांचा गाऊन घालून झोपत होते, म्हणजे वेंडलला दिसायला नको.

त्याच्या खांद्याच्या जागी मी सारखा तो खडू बघत होते.

पण गोळीचं मला ठाऊक होतं ना. म्हणून मी मनाशी हिशोब मांडला. वेंडल जर खांद्याच्या मागं, बरगड्यांत मारणार असेल, तर हलकीनं काम होईल. तिथं आडवं यायला जाड हाड नाही. पण या बाबाची खोड जुनी. तो कायम पुढच्या फऱ्यावर मारायचा, खांदाच फोडायचा, म्हणजे जनावर जागच्या जागी बसतं. आणि मी कायम त्याच्या नावानं ओरडायची, कारण फऱ्याचं सगळं मटण रक्तानं नासायचं. बत्तीस वर्षं आमचं हे भांडण.

हंगाम उघडायच्या आदल्या संध्याकाळी मी बीन्सचं सूप आणि मक्याचा पाव केला होता. तो दोनच चमचे जेवला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “यंदा तरी माझा फरा वाचवशील का?”

“वाचवतो,” तो म्हणाला. “यंदा बरगड्यांत. तुझ्या मटणाला धक्का लावत नाही, झालं समाधान?”

“शब्द दे.”

“दिला की.” आणि त्यानं डोळा मारला.

तर मी असा हिशोब मांडला होता.

शनिवारी पहाटे हर्शेल आला. हर्शेल म्हणजे वेंडलचा धाकटा भाऊ, शेत त्याचंच. मचाणावर चढणं वेंडलला जमणारं नव्हतं म्हणून हर्शेलनं मक्याच्या कापलेल्या रानाच्या कडेला गवताच्या गासड्या रचून आडोसा केला होता. आत दोन घडीच्या खुर्च्या, एक घोंगडी. कार्बाईनचा नेम त्यानंच जड गोळीवर बसवून दिला होता. आम्हाला सोडून तो रानाच्या पलीकडच्या टोकाला निघून गेला.

काडतुसं भरायचं काम माझं होतं. वेंडलच्या बोटांना ती बारीक झडप दाबता येत नव्हती. माझ्या नारिंगी बंडीच्या उजव्या खिशात जड पाच, डाव्या खिशात हलकी पाच. दोन्ही का नेली होती? स्वतःलाच विचारते. घरून निघाले तेव्हा माझं ठरलेलं नव्हतं, खरंच नव्हतं.

वेंडलनं रिकामी कार्बाईन एकदा खांद्याला लावून बघितली. नुसतं लाकूड टेकलं आणि तो कळवळला. आवाज केला नाही, पण त्याचा श्वास अडकला तो मी ऐकला. मग त्यानं कार्बाईन माझ्याकडे दिली, आणि तो रानाकडं बघत बसला.

माझा हात डाव्या खिशात गेला.

उजाडलं तेव्हा सगळं रान पांढरं होतं, दवाचं बर्फ झालेलं. बत्तीस वर्षांत मी पहिल्यांदा त्याच्याबरोबर आडोशाला बसले होते. तो इतका वेळ न हलता बसू शकतो, हे मला माहीतच नव्हतं. घरात दहा मिनिटं एका जागी टिकायचा नाही.

“तू रोज असाच बसायचास?” मी कुजबुजले.

“तू नसायचीस म्हणून गप्प बसता यायचं.”

मी त्याला कोपरानं ढोसायला गेले आणि वेळेत आवरलं.

आठच्या सुमाराला कुंपणाच्या झाडीतून तो नर बाहेर आला. आठ टोकांचा, मानेला जाड. नाक जमिनीला लावून आमच्याकडेच येत होता. चाळीस पावलांवर बाजू आमच्याकडं करून थांबला. वेंडलनं नळी गासडीवर टेकवली. मी माझ्याच पायांकडे बघत राहिले. मला हरीण बघायचं नव्हतं. त्याचा खांदा बघायचा धीर होत नव्हता.

बार झाला.

मी वर बघितलं. नर गुडघ्यांवर पडला होता. क्षणभर मला वाटलं, झालं, सुटलो. मग तो उठला. पुढचा एक पाय लोंबत होता. तीन पायांवर तो कुंपणाकडं पळाला, तारेवर आदळला, पलीकडे पडला, पुन्हा उठला आणि ओढ्याच्या झाडीत गेला.

वेंडलनं कार्बाईन मांडीवर घेतली.

“दुखतंय?” मी विचारलं. हेच पहिलं विचारलं मी.

“नाही,” तो म्हणाला. त्यानं खांदा थोडा फिरवून बघितला, आणि मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत होता. मला वाटलं, चुकलेल्या नेमाचा संताप आहे. पण लोंबणारा पाय मी बघितला होता. त्यानं बरगड्यांत मारलंच नव्हतं.

“नेम खांद्यावर धरलास?” मी म्हटलं.

“हो.”

“शब्द दिला होतास तू.”

“दिला होता,” तो म्हणाला. “बरगड्यांत मारलं असतं तरी तो शंभर पावलं पळाला असता. मग हर्शेलनं ओढ्याकाठच्या दलदलीत उतरायचं, मी इथं खुर्चीत बसून राहायचं. म्हटलं, जागेवरच बसवावा. शेवटचा आहे.” मग थोडं थांबून म्हणाला, “हात हलला माझा.”

हात हलला नव्हता. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण हर्शेल धावत येताना दिसला, आणि मी ते मिटलं.

हर्शेलनं दुपारपर्यंत माग काढला. कुंपणाच्या तारेवर रक्त, पुढं पानांवर थेंब, मग थेंबाथेंबातलं अंतर वाढत गेलं, आणि ओढ्याशी सगळं संपलं. दोन माणसं आणखी आली, त्यांनी पलीकडचा काठ पालथा घातला. वेंडल तेवढा वेळ आडोशातच बसून होता. चल म्हटलं तर येईना. त्याच्या ओठांवर निळसर झाक आली होती. मी घोंगडी त्याच्या अंगावर घालत होते आणि तो ती काढत होता.

शेवटी हर्शेलच्या कोठीत आलो. पहिल्या दिवशी दुपारी सगळे तिथंच जमतात, मोठ्या पातेल्यात तिखट मटण शिजत असतं. मागच्या भिंतीवर शर्टांची शेपटं खिळ्यांनी ठोकलेली. नेम चुकला, किंवा जखमी जनावर हरवलं, की त्या माणसाच्या शर्टाचा मागचा घोळ कापायचा, वर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीला ठोकायचा. हर्शेलची स्वतःची तिथं पाच आहेत. माझ्या सासऱ्याचंही एक आहे. वेंडलचं नव्हतं. दरवर्षी तो त्या भिंतीला पाठ लावून बसायचा आणि सगळ्यांना डिवचायचा.

कुणी त्या भिंतीचं नाव काढलं नाही. सगळे नको तितकं मोठ्यानं हवामानावर बोलत होते. हर्शेल मात्र विचारात पडला होता.

“चाळीस पावलांवर,” तो म्हणाला. “खांद्यात दोनशे चाळीस ग्रेन घेऊन जनावर ओढा कसं ओलांडेल? काडतुसं कुठली भरली होती? कार्बाईन बघू जरा.” आणि तो उठला. कार्बाईनमध्ये चार हलकी काडतुसं शिल्लक होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं ते मला तेव्हा कळलं.

“बस खाली,” वेंडल म्हणाला. “काडतुसांना काय धाड भरलीय? हात हलला माझा. अर्लीन, ती कार्बाईन गाडीत नेऊन ठेव.”

मी नेऊन ठेवली. परत आले तेव्हा वेंडल उभा होता. त्यानं बंडी काढली होती, शर्ट विजारीतून उपसला होता आणि पाठ हर्शेलकडं केली होती.

“काप.”

“डोकं फिरलंय का तुझं?” हर्शेल म्हणाला. “आजारी माणसाचा शर्ट कापू?”

“आजारी म्हणून सूट देतोस? मला?”

“वेंडल, बस ना बाबा.”

“बापाचा कापला तेव्हा कात्री तूच धरली होतीस. खी खी करत होतास. काप म्हटलं ना.”

हर्शेलनं कात्री घेतली. कापड त्याच्याकडून वाकडंतिकडं कापलं गेलं. मी दारात उभी होते. कापलेल्या शर्टाखालून वेंडलची पाठ दिसत होती, मणके मोजता येत होते. सहा माणसं खाली मान घालून बसली होती. आणि ज्या बाईनं हे केलं ती हाताची घडी घालून गप्प उभी होती. लाज वाटायला हवी होती मला. वाटलीच. पण जीभ उचलली नाही.

हर्शेलनं नाव लिहिलं, साल लिहिलं, खिळा ठोकला. वेंडल वळून बघत होता. “सरळ लाव,” तो म्हणाला.

त्या रात्रीपासून तो अंथरुणातून उठला नाही. खांदा मोडला नव्हता. थंडी बाधली, आणि अंगात जे थोडं उरलं होतं ते त्या आडोशात संपलं. नर्स रोज यायला लागली. तो काही खायचा नाही. छताकडे बघत पडायचा, मध्येच म्हणायचा, “तारेवर आदळला गं तो,” आणि पुन्हा गप्प.

सोमवारी दुपारी हर्शेलचा फोन आला. कावळे घिरट्या घालत होते, त्यावरून तो नर सापडला होता. मी सुरी घेतली आणि गेले.

ओढ्याच्या पलीकडे, बराच आत, पडलेल्या झाडाच्या आडोशाला होता. मागचा भाग कोल्ह्यांनी खाल्लेला. पुढचा तसाच. आजूबाजूची पानं दाबली गेली होती, एका जागी नाही, तीन जागी. म्हणजे बसला होता, उठला होता, पुन्हा बसला होता. जखमेच्या कडा सुजून पिवळ्या पडल्या होत्या. मेलेल्या अंगावर अशी सूज चढत नाही. अठ्ठावीस वर्षं कापतेय मी, मला घड्याळ लागत नाही. तो रविवार संध्याकाळपर्यंत जिवंत होता.

मी गुडघ्यांवर बसले आणि फरा सोलला. भोक बरोबर मधोमध होतं. बोटभरही इकडं नाही की तिकडं नाही. खडूनं खूण करून मारायला सांगितलं असतं तरी याहून नीट बसली नसती. आणि त्याच्या खाली फऱ्याच्या हाडात ती हलकी गोळी चिंधड्या होऊन बसली होती, तांब्याच्या चार पाकळ्या आणि शिशाचा चुरा. छातीत काहीच गेलं नव्हतं. फुप्फुसं स्वच्छ.

मी तुकडे तळहातावर घेतले. हर्शेल वाकून बघत होता. तो काही मूर्ख नाही.

“ही जड नव्हे,” तो म्हणाला.

“नव्हे.”

“ग्लेननं डबी चुकीची दिली?”

“नाही. ग्लेननं नाही.”

मग त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली. “त्याला नको सांगूस, अर्लीन. किती दिवस राहिलेत? तुमच्यात हे कशाला आता?”

“तो आपला हात हलला असं समजून मरतोय,” मी म्हटलं, आणि मग मला रडू फुटलं. त्या चिखलात, हातात सुरी धरून, मोठ्यानं. हर्शेल माझ्या पाठीवर थोपटत होता, जसं गाईला थोपटतात तसं. त्याला दुसरं काही येत नाही.

घरी आले. नर्स गेली होती. हात धुतले, ॲप्रन बदलला, आणि त्याच्या उशाशी खुर्ची ओढून बसले. तुकडे एका बशीत होते.

“सापडला,” मी म्हटलं.

त्यानं डोळे उघडले.

“वेंडल, तुझा हात हलला नव्हता. मधोमध बसलीय. मी… गोळी मी बदलली. जड भरायची होती, मी हलकी भरली. तुझा खांदा मोडेल म्हणून. आणि कोठीत सगळ्यांसमोर तू शर्ट…”

तो बशीकडं बघत होता. मग म्हणाला, “ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?”

“बार झाला तेव्हाच कळलं. धक्काच बसला नाही. दोनशे चाळीस ग्रेन आणि धक्का नाही? मी काय काल बंदूक धरली का?” त्याला दम लागला, तो थांबला. “आणि त्या आठवड्यात तू गाऊन घालून झोपत होतीस. पाठमोरी कपडे बदलत होतीस. मला वाटलं, आता माझ्याकडे बघवत नाही हिला. मग धक्का बसला नाही तेव्हा उमगलं. शेडमागं जाऊन तू झाडून बघितलंस ना? किती काळंनिळं झालं?”

मी बटण काढून दाखवलं. आता पिवळट डाग राहिला होता. त्यानं हात उचलून त्यावर ठेवला. माझ्या कातडीला त्याची बोटं कळत होती, त्याच्या बोटांना मी कळत नव्हते.

“मग शर्ट का कापून घेतलास?” मी विचारलं.

“हर्शेल कार्बाईन उघडायला निघाला होता.”

एवढंच म्हणाला तो. सेहेचाळीस वर्षांची भिंत त्यानं माझ्यासाठी दिली, आणि मी दारात हाताची घडी घालून उभी होते. मी त्याच्या उशीत तोंड खुपसलं.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “किती वेळ होता तो?”

मला माहीत होतं, तो हेच विचारणार. वाटेत मी ठरवून आले होते.

“फार नाही. ओढा ओलांडून लगेच पडला. अर्धा तास, जास्तीत जास्त.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. आडोशात बघितलं होतं तसंच. मला खोटं बोलता येत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

“बरं,” तो म्हणाला. आणि भिंतीकडं तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते. दुखतंय का, हे विचारायचा मला आता हक्क नव्हता.

अंधार पडायच्या आधी त्यानं मला हाक मारली. “नोंद केलीस?”

“कसली?”

“हरणाची. माझ्या परवान्यावर. एकच होतं माझ्या वाट्याला, ते मी घेतलं. नोंद व्हायला हवी.”

“अरे, त्याच्यात आता काय राहिलंय? कोल्ह्यांनी…”

“मी मारलं ना ते? मग माझ्या नावावर लाव.”

मी पुन्हा गाडी काढली. हर्शेलनं डोकं आणि शिंगं वेगळी करून ठेवली होती, ती पोत्यात घेतली. शिकारीची नोंद पुलाजवळच्या, मासे पकडायचं आमिष विकणाऱ्या दुकानात होते. काउंटरवर एक हसरी मुलगी होती, शाळेत माझ्याच हातचं जेवून मोठी झालेली. तिनं शिंगं बघून शीळ घातली.

“आठ टोकं! वेंडलकाका खूश असतील. कुणी मारलं म्हणून लिहू? त्यांचंच नाव ना?”

मी मारलं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

“त्याचंच,” मी म्हटलं. “वेंडल स्टकी.”

तिनं पावती फाडून दिली. बाहेर येऊन मी गाडीत बसले. किल्ली फिरवायला मला बराच वेळ लागला.

वेंडल जागा होता. पावती त्याच्या हातात दिली, ती बोटांतून निसटून पांघरुणावर पडली. त्यानं पुन्हा उचलायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. चष्मा लावूनही त्याला ती अक्षरं दिसेनात.

“वाचून दाखव,” तो म्हणाला.

मी दिव्याजवळ सरकले. “शिकाऱ्याचं नाव, वेंडल स्टकी. तारीख, शनिवारची. शस्त्र, कार्बाईन. नर. टोकं आठ.”

तो डोळे मिटून ऐकत होता.

“पुन्हा वाच,” तो म्हणाला.

मी पुन्हा वाचलं.